गाव पाण्यात नाही, गावठाण पाण्यात आहे

"बाई, आपलं गाव पाण्यात दाखवतंय."

चौथीतली मुलगी वही पुढे करून उभी होती. 'आपल्या गावाची माहिती' लिहून आणा, असं मी वर्गाला सांगितलं होतं. हिनं भावाच्या मोबाइलवर मराठी विकिपीडियावरचं गावाचं पान उघडलं, त्यातली तीन वाक्यं उतरवली आणि खाली नकाशाही काढला. निळ्या खडूनं रंगवलेलं भरपूर पाणी आणि त्याच्या बरोबर मधोमध एक लाल ठिपका. ठिपक्याशेजारी आमच्या गावाचं नाव.

ही २०१९ सालची गोष्ट. संध्याकाळी घरी येऊन मी ते पान पाहिलं. गाव कोणत्या तालुक्यात आहे, कोणत्या जिल्ह्यात आहे आणि तिथं उन्हाळा-पावसाळा-हिवाळा कसा असतो, एवढंच लिहिलेलं. हवामानाची ती वाक्यं महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाला चालतील अशी. अक्षांश-रेखांशावर बोट ठेवलं की नकाशा खरोखरच उजनीच्या पाण्यात नेऊन सोडत होता. मुलीनं पाहिलं तेच काढलं होतं.

जे या भागातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. भीमेवरचं उजनी धरण १९६९ साली बांधायला घेतलं आणि १९८० साली पूर्ण झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात, पण फुगवटा मागे करमाळा, इंदापूर, कर्जत, दौंडपर्यंत पसरलेला. एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, टक्केवारीत न धरलेलं तळाचं पाणी. म्हणजे धरण 'शून्य टक्के' झालं तरी निम्म्याहून जास्त पाणी आत असतंच. शून्याच्या खाली गेलं की आमच्याकडे "उजनी मायनसमध्ये गेली" म्हणतात. या पाण्यासाठी भीमेच्या दोन्ही काठांची गावं उठली, त्यात आमचंही उठलं. मी तेव्हा दोन वर्षांची होते, जुनं गाव मला आठवत नाही. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ दुष्काळाच्या वर्षी पाण्याबाहेर येतं आणि त्याचे फोटो पेपरात छापून येतात. आमच्या गावात तसं उंच शिखराचं देऊळ नव्हतं, त्यामुळे ते बघायला कुणी येत नाही.

मी त्याच रात्री खातं उघडलं. लगेच माझ्या चर्चापानावर स्वागताचा मजकूर आला आणि त्यातले शब्द वाचून मला फार बरं वाटलं. सर्वांनी मिळून बोलायची जागा म्हणजे चावडी. सराव करायची जागा म्हणजे धूळपाटी. माणसाऐवजी आपोआप काम करणारी यंत्रणा म्हणजे सांगकाम्या. कुणीतरी हे शब्द बसून, विचार करून ठेवलेले आहेत. पाटीवर धूळ पसरून बोटानं अक्षरं गिरवलेल्या पिढीची आठवण त्या एका 'धूळपाटी'त आहे. आजही एखाद्या शिक्षकाला संपादन शिकवायचं असलं की मी आधी धूळपाटीच उघडायला लावते. तिथं काहीही लिहा, मोडा, पुसा.

'विकी' हा शब्द मात्र हवाई बेटांवरचा, त्याचा अर्थ 'लवकर'. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरनं १९९५ साली कुणालाही बदलता येतील अशी पानं तयार केली आणि होनोलुलूच्या विमानतळावरच्या 'विकी विकी' नावाच्या बसवरून त्यांना नाव दिलं. विकिपीडिया आला जानेवारी २००१ मध्ये आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ला, म्हणजे महाराष्ट्र दिनी. बदल जतन केला की त्याच क्षणी पान सगळ्यांसाठी बदलतं, तेवढ्यापुरता 'लवकर' हा अर्थ खरा आहे. आमच्या गावाचं पान धड व्हायला पाच वर्षं लागली.

पहिली चूक मी पहिल्याच आठवड्यात केली. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराच्या वेळी एक स्मरणिका निघाली होती. त्यात गावच्या इतिहासावर चार पानांचा सुंदर लेख आहे. तो मी रात्री अकरापर्यंत बसून जसाच्या तसा टाइप केला आणि जतन केला. सकाळी पाहिलं तर सगळं काढून टाकलेलं. कारण दिलं होतं प्रताधिकार (कॉपीराइट) भंगाचं. मला फार लागलं ते. आमचं गाव, आमच्या गावची स्मरणिका, आणि कुठलातरी अनोळखी माणूस रात्रीतून ते पुसून टाकतो!

दोन दिवस मी तिकडे फिरकले नाही. मग शांतपणे नियम वाचले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं प्रताधिकार राहतो. शिवाय विकिपीडियावर आपण जे लिहितो ते जगातल्या कुणालाही वापरायला, बदलायला, अगदी विकायलासुद्धा मोकळं होतं, फक्त श्रेय द्यावं लागतं आणि पुढं तेही तसंच मोकळं ठेवावं लागतं. तो लेख लिहिणारे गुरुजी आता नाहीत, त्यांची मुलं आहेत. त्यांची वस्तू मी परस्पर जगाला देऊन टाकत होते. हे कळल्यावर राग गेला. मी स्मरणिकेतल्या गोष्टी माझ्या शब्दांत लिहिल्या आणि खाली स्मरणिकेचा संदर्भ दिला. ते टिकलं.

मग अक्षांश-रेखांशाचं काम काढलं. नव्या गावात ग्रामपंचायतीच्या दारात उभं राहून मोबाइलवर आकडे घेतले आणि पानावर जुने काढून नवे घातले. दोन दिवसांनी कुणीतरी बदल उलटवला. या वेळी मी रागावले नाही, 'चर्चा' या कप्प्यात जाऊन विचारलं, "गाव आता इथं आहे, मी इथंच राहते, मग बदल का परतवला?" उत्तर आलं ते फार सभ्य भाषेत. त्या सदस्याचं म्हणणं असं की महसुली गाव तेच आहे, जनगणनेचा क्रमांकही त्याच गावाचा आहे, आणि त्या गावाची बरीचशी जमीन पाण्याखाली असली तरी शीव तीच आहे. तुम्ही दिलेली जागा त्याच गावाची, याला आधार काय?

मला उत्तर सुचेना. मी आप्पांना विचारलं. आप्पा म्हणजे माझे वडील. जुनं गाव सोडलं तेव्हा ते तिशीचे होते. ओसरीवर बसून ते बियाणाच्या शेंगा निवडत होते. मी म्हणाले, "आप्पा, एक माणूस म्हणतोय आपलं गाव पाण्यात आहे."

त्यांनी मान वर केली नाही. "गाव कुठं पाण्यात हाय गं? गाव हितं बसलंय समदं. पाण्यात हाय ते गावठाण."

इतकी वर्षं मी भूगोल शिकवते, पण हा फरक मला इतक्या नेमकेपणानं सांगता आला नसता. गाव म्हणजे माणसं, गावठाण म्हणजे जागा. मी हेच चर्चापानावर लिहिलं आणि सोबत पुनर्वसित गावठाणाचा उल्लेख असलेल्या सरकारी यादीचा संदर्भ दिला. त्या सदस्याला ते पटलं. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की माहितीचौकटीत नव्या वस्तीचे आकडे द्यायचे आणि खाली 'जुने गावठाण' असा वेगळा विभाग करून तिथं जुने आकडे ठेवायचे. त्या विभागाचं पहिलं वाक्य त्यांनीच लिहिलं. ते कोण, कुठले, मला ठाऊक नाही. टोपणनावापलीकडे ओळख नाही. पण गावाबद्दल असं नीट भांडण माझ्याशी दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

गावाच्या नावाचाही घोळ होता. आमच्या गावाच्या नावात 'ळ' आहे आणि पानाच्या मथळ्यात 'ल' होता. कारण उघड आहे. जुन्या याद्या इंग्रजीत, इंग्रजीत ळ नाही, आणि तिथून परत मराठीत येताना ळचा ल झाला. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांचं असं झालंय. ळ आणि ण गेले की गावाचं नाव परक्या माणसानं हाक मारल्यासारखं वाटतं. नव्या सदस्याला मथळा लगेच बदलता येत नाही, काही दिवस आणि काही संपादनं व्हावी लागतात. तेवढं झाल्यावर मी तो बदलला. या कामाला तिथं 'स्थानांतरण' म्हणतात. जुन्या नावानं शोधलं तर वाचक आपोआप नव्या पानावर पोचतो, ते पुनर्निर्देशन. हे दोन शब्द पडद्यावर वाचताना मी थोडा वेळ नुसती बसून राहिले.

खरी मेहनत संदर्भांची. विकिपीडियावर आपल्याला माहीत आहे म्हणून लिहून चालत नाही, कुठंतरी छापलेलं दाखवावं लागतं. इंग्रजांच्या काळातलं पुणे जिल्ह्याचं गॅझेटिअर, १८८५ सालचं, त्यात भीमा आणि आसपासच्या बाजारगावांची माहिती सापडली. १९६१च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका स्कॅन केलेली मिळाली. त्यात गावागणिक एक ओळ असते. क्षेत्रफळ, घरं, माणसं, किती शिकलेले, किती शेतकरी, किती शेतमजूर. धरणाआधीचं आमचं गाव त्या एका ओळीत होतं. शिकलेल्या बायकांच्या रकान्यात एक आकडी संख्या होती. माझी आजी त्यात नव्हती, हे मला माहीत आहे, कारण तिला सही येत नव्हती. अंगठा उठवून तिनं नुकसानभरपाई घेतली.

त्या ओळीवरून मी पानावर दोन वाक्यं लिहिली. दोनच. पण ती पुढे कुणीही तपासून पाहू शकतो.

जे कुठंच छापलेलं नाही त्याचं काय करायचं, हे मला अजून छळतं. जुन्या गावच्या बारवेला किती पायऱ्या होत्या, यात्रेत काठ्या कुठल्या घरापुढून निघायच्या, घर सोडताना आत्यानं चुलीतली राख फडक्यात बांधून आणली ती का, हे सगळं आप्पांच्या पिढीला तोंडपाठ आहे. विकिपीडियावर ते घालता येत नाही. सुरुवातीला मला हा नियम निष्ठुर वाटायचा. आता वाटत नाही, कारण उद्या शेजारच्या गावचा माणूस येऊन आपलीच आठवण खरी म्हणेल आणि दोघांपैकी कुणाला खोटं ठरवायचं? म्हणून मी दोनशे पानी वही केली आहे. त्यात सांगणाऱ्याचं नाव, वय आणि तारीख घालून लिहून ठेवते. तालुक्याच्या एखाद्या दिवाळी अंकानं त्यातलं काही छापलं तर त्याचा संदर्भ होईल. या भागातल्या सगळ्या शिक्षकांना माझं हेच सांगणं आहे. आधी वहीत घ्या. म्हातारी माणसं थांबत नाहीत.

मध्येच ग्रामपंचायतीची निवडणूक आली. एक दिवस पान उघडते तर 'प्रमुख व्यक्ती' असा नवा विभाग आणि त्यात 'युवा नेते' म्हणून एका मुलाचं नाव, खाली मोबाइल नंबर. मुलगा माझाच माजी विद्यार्थी. मी ते काढलं, बदलांच्या आढाव्यात कारण लिहिलं. दुसऱ्या दिवशी परत आलं. असं तीनदा झाल्यावर मी त्याला घरी बोलावलं.

तो आला, चहा घेतला आणि मनापासून म्हणाला, "बाई, गावाच्या पानावर गावातल्या माणसाचं नाव नको का?"

प्रश्न खोटा नव्हता. मी त्याला पानाचा इतिहास उघडून दाखवला. कुणी, कोणत्या तारखेला, किती वाजता कोणतं अक्षर बदललं, सगळं तिथं राहतं, काढलेलंसुद्धा. त्याचे तीन बदल आणि माझे तीन बदल एकाखाली एक उभे होते. मग मी म्हणाले, "तुझ्याबद्दल दुसऱ्यानं कुठं छापलं तर तुझं नाव येईल. आपण आपल्याबद्दल लिहायचं नसतं. पण दुसऱ्या वाटेनं तुझं नाव इथं येऊ शकतं. फोटो काढशील का?"

२०२४च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली. मे महिन्यात जुन्या गावठाणाची जागा उघडी पडली. त्यानं मला मोटरसायकलवर मागे बसवून तिथवर नेलं. शेवटचा अर्धा किलोमीटर चालत. गाळ वाळून त्याच्या विटेएवढ्या खपल्या झालेल्या, भेगांत हाताचं बोट सहज जाईल. मेलेले शिंपले पायाखाली मोडत होते. भिंती अशा कुठंच उरल्या नव्हत्या, पण घरांच्या पायाच्या ओळी दिसत होत्या, त्यावरून बोळ कळत होता. एका जागी दगडी उखळ जमिनीत बसवलेलं तसंच होतं, आत गाळ भरलेला. मी बोटानं थोडा गाळ काढला. कडेचा दगड मुसळानं झिजून गुळगुळीत झालेला होता. पुढं घडीव दगडांचा एक चौकोनी चौथरा, कमरेएवढा उंच. तो मारुतीचा पार असावा, असं आम्ही ठरवलं.

त्यानं साठेक फोटो काढले. घरी आल्यावर मी म्हणाले, फोटो तू काढलेस, हक्क तुझा, मला चढवता येणार नाहीत, तुझ्या खात्यातूनच चढव. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या सामाईक भांडारात, त्यानं त्यातले अकरा चढवले. प्रत्येक फोटोखाली छायाचित्रकार म्हणून त्याचं नाव आहे. त्यानंतर त्यानं पानावर स्वतःबद्दल एक अक्षर घातलेलं नाही. गावातल्या शाळेच्या, दवाखान्याच्या, एसटी थांब्याच्या नोंदी मात्र तोच सांभाळतो.

आणखी एका माणसाचं सांगायचं राहिलं. माझ्या मोबाइलवर पूर्वी 'ऱ्य' नीट उमटत नसे. 'किनार्यावर', 'पायर्या', 'दुसर्या' असं व्हायचं. दर आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी येऊन ते शांतपणे 'किनाऱ्यावर', 'पायऱ्या', 'दुसऱ्या' करून जायचं. आढाव्यात एकच शब्द, 'शुद्धलेखन'. त्याच्या योगदानाची यादी पाहिली तर हजारो पानांवर तेच काम. कधी चर्चेत भाग नाही, कधी कुणाशी वाद नाही. मी आभाराचं बटण दाबलं तेवढंच. नंतर मी कीबोर्ड बदलला आणि ऱ्य लिहायला शिकले. आता इतर गावांच्या पानांवर ते दिसलं की मीही दुरुस्त करून जाते.

कुणी नव्यानं गावाचं पान हातात घेणार असेल तर एवढंच सांगेन. 'निसर्गरम्य', 'सुप्रसिद्ध', 'जागृत देवस्थान' हे शब्द काढा आणि मग काय उरतं ते पाहा. उरलेलं लिहा. जतन करण्याआधी झलक पाहा. काय बदललं ते आढाव्यात लिहायला कंटाळू नका, पुढच्या माणसाशी तेवढंच बोलणं होतं. आणि तुमचं लिहिलेलं कुणी बदललं तर आधी चर्चापानावर जा.

गेल्या महिन्यात आप्पांना डोळ्याच्या ऑपरेशननंतर नीट दिसायला लागलं. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवून पान दाखवलं. त्यांनी मजकूर वाचला नाही, थेट फोटोंकडे गेले. उखळाच्या फोटोवर थांबले, कुणाचं ते लगेच सांगितलं. मग चौथऱ्याच्या फोटोवर आले. खाली मी लिहिलं होतं, 'जुन्या गावठाणातील मारुती मंदिराचा पार'.

"ह्यो मारुतीचा पार न्हाय," आप्पा म्हणाले. "मारुती तकडं, येशीपशी. ही चावडी. चावडीचं जोतं हाय हे. तलाठी बसायचा हितं." मग बोटानं पडद्यावरचा एक कोपरा दाखवला. "नोटिसा हितंच वाचून दाखीवल्या आमास्नी. मी हितं हुबा हुतो."

फोटोच्या वर्णनाला लेखासारखा छापील पुरावा लागत नाही, ज्याला ठाऊक आहे त्यानं लिहावं. मी त्यांच्यासमोरच ते वाक्य बदललं. खाली बदलांच्या आढाव्यात लिहिलं, 'हा पार नसून चावडीचे जोते आहे. माहिती जुन्या गावच्या रहिवाशाकडून.' आप्पांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, दाब आता.